संत बर्णबा आणि आपल्या दारातले लेकरू



येत्या ११ जूनला पवित्र ख्रिस्तसभा संत बर्णबाचा सण साजरा करते. आपल्या वऱ्हाडात हा सण मृग लागल्यावर येतो. कोणाचे डोळे आभाळाकडे असतात, कोणाचे बियाण्याच्या पिशवीच्या भावाकडे. घरात मुलांच्या वह्या-दप्तरांचा हिशेब चाललेला असतो. अशा गडबडीत बर्णबाची आठवण फार थोड्यांना होते. पण यंदा मी मुद्दाम ती करून देत आहे. जूनच्या अखेरीस आपल्याकडच्या शाळा उघडतील, आणि त्याआधी मला तुमच्याकडे एक मागणे मागायचे आहे.

प्रथम बर्णबाविषयी. त्याचे खरे नाव योसेफ. बर्णबा हे नाव त्याला प्रेषितांनी दिले. त्या नावाचा अर्थ दुसऱ्याला धीर देणारा असा आहे. प्रेषितांची कृत्ये या पुस्तकात तो तीन वेळा असे काही करतो, की ते वाचून आपण थांबावे.

पहिली वेळ यरुशलेममधली. ख्रिस्ती लोकांचा छळ करणारा शौल पालटला होता आणि शिष्यांमध्ये मिसळू पाहत होता. पण कोणी त्याच्यावर विश्वास ठेवीना. सगळे त्याला भीत होते, आणि त्यांचे भिणे चुकीचेही नव्हते. तेव्हा बर्णबाने त्याला आपल्याबरोबर घेतले, प्रेषितांकडे नेले आणि त्याची हकिकत स्वतः सांगितली (कृत्ये ९:२६-२७). दुसरी वेळ अंत्युखियाची. तिथे काम वाढले तेव्हा बर्णबा शौलाला शोधायला तार्स गावी गेला. निरोप पाठवला नाही, स्वतः गेला. त्याला घेऊन आला आणि दोघे एक संपूर्ण वर्ष तिथल्या मंडळीबरोबर राहिले (कृत्ये ११:२५-२६). हे 'एक संपूर्ण वर्ष' लक्षात ठेवा, त्याकडे मी परत येणार आहे. तिसरी वेळ तरुण योहान मार्काची. मार्क पहिल्या प्रवासात अर्ध्या वाटेतून घरी परतला होता. पौल म्हणाला, याला पुन्हा न्यायचे नाही. बर्णबा म्हणाला, न्यायचे. दोघांचा एवढा वाद झाला की ते वेगळे झाले, आणि बर्णबा मार्काला घेऊन कुप्र बेटाकडे निघाला (कृत्ये १५:३६-३९). पुढे तोच पौल तीमथ्याला लिहिलेल्या पत्रात मार्काला सोबत घेऊन यायला सांगतो आणि तो आपल्या उपयोगाचा आहे असे म्हणतो (२ तीमथ्य ४:११). दुसरे शुभवर्तमान याच मार्काच्या नावाने आपल्यापर्यंत आले, अशी ख्रिस्तसभेची परंपरा आहे.

एक माणूस, ज्याला सगळे भीत होते. एक पोरगा, जो अर्ध्यावर सोडून पळाला होता. दोघांच्याही आयुष्यात एकच माणूस योग्य वेळी उभा राहिला. पौलाची पत्रे आपण दर रविवारी ऐकतो. बर्णबाने लिहिलेले एकही पुस्तक नव्या करारात नाही. पण तो नसता तर काय झाले असते, याचा विचार करा.

मी मोडलेला गुरुवार

आता मी तुम्हांला माझी एक चूक सांगतो. ती सांगितल्याशिवाय हे मागणे मागण्याचा मला अधिकार नाही.

मी नवा धर्मगुरू होतो, नेमणूक दुसऱ्या गावी होती. चर्चच्या आवारात एक पोरगा येऊन बसायचा. वय असेल अकरा-बारा. वडील गेलेले, आई रोजमजुरीला. शाळेत नाव होते, पण शाळेपेक्षा तो चहाच्या टपरीवर जास्त दिसायचा. एके दिवशी मी त्याला बोलावले, पुस्तक वाचायला दिले. त्याला जोडाक्षरे येत नव्हती. मी म्हणालो, "बाबू, दर गुरुवारी संध्याकाळी ये. आपण दोघे मिळून वाचू."

तो आला. दुसऱ्या गुरुवारी आला. पाच-सहा गुरुवार आला. पुस्तक हळूहळू सरकू लागले. मग एका गुरुवारी मला बैठक होती. पुढच्या गुरुवारी आजाऱ्याला भेटायला जायचे होते. त्यानंतर एका कार्यक्रमाची तयारी निघाली. मनात म्हणायचो, पोरगा समजून घेईल, पुढच्या आठवड्यात बघू. तेवढ्यात माझी बदली झाली. मंडळींनी निरोप समारंभ केला, हार घातले, भाषणे झाली. त्या मुलाला मात्र मी जातो आहे हे सांगायचे राहून गेले. खरे सांगायचे तर ते माझ्या ध्यानातच आले नाही.

पुष्कळ वर्षांनी एका बसस्थानकावर एका तरुणाने मला ओळखले. तोच होता. कुठल्याशा गॅरेजवर कामाला होता. हसून बोलला, चहा पाजला. शाळा सातवीत सुटली म्हणाला. रागावलेला नव्हता. जाताना सहज म्हणाला, "फादर, मी दिवाळीलोक येत होतो तिथं."

माझी बदली पावसाळ्यात झाली होती. म्हणजे मी गेल्यावरही तो दोन-तीन महिने दर गुरुवारी संध्याकाळी त्या ओट्यावर येऊन बसत होता.

बंधू-भगिनींनो, त्या मुलाची शाळा माझ्यामुळेच सुटली असे मी म्हणत नाही. गरिबीने सुटली असेल, दुसऱ्या कशाने सुटली असेल. पण मोठ्या माणसाचा शब्द म्हणजे काय असतो, हे मात्र त्या ओट्यावर तो माझ्याकडून शिकला. त्याचा जाब मला द्यावा लागणार आहे.

आपल्या आजूबाजूला

आपल्या बार्शीटाकळी तालुक्यात असे मूल शोधायला लांब जावे लागत नाही. कपाशी, सोयाबीन आणि तुरीवर चालणारी ही घरे. एक वर्ष पाऊस चुकला, एकदा दुबार पेरणी झाली, की घराचा सगळा हिशेब उलटतो. आपल्या वऱ्हाडात किती शेतकऱ्यांनी स्वतःचे आयुष्य संपवले हे मी तुम्हांला सांगायला नको. त्या घरी चार दिवस पुढारी येतात, फोटो काढले जातात. नंतर त्या घरातला तेरा वर्षांचा मुलगा काय करतो, कोणाशी बोलतो, रात्री झोपतो की नाही, हे कोण विचारते? काही मुले आईबापांबरोबर कामाच्या शोधात जातात आणि परत येतात तेव्हा वर्ग पुढे गेलेला असतो. काही घरांत दारू आहे. काही मुलींच्या लग्नाची बोलणी दहावीच्या आधीच सुरू होतात. काही पोरे गुटख्याची पुडी आणि मोबाईल एवढ्याच सोबतीवर वाढत आहेत.

यांतील पुष्कळ मुले वाईट नाहीत, मूर्खही नाहीत. त्यांना खायला मिळते, शाळेत पुस्तकेही मिळतात. पण त्यांची अशी एकही मोठी व्यक्ती नाही, जी आठवड्यातून एकदा त्यांच्यासाठी, फक्त त्यांच्यासाठी, वेळ काढून बसते. आई सकाळी निंदायला जाते ती संध्याकाळी दमून येते, तिला दोष कोण देईल? गुरुजींच्या वर्गात एवढी मुले असतात, त्यांनी एकेकाकडे किती पाहावे?

तुम्ही शेतकरी आहात, शेतकऱ्यांची लेकरे आहात. सरकी लावल्यावर सगळीकडे सारखे उगवत नाही. ओळीत मध्येच जागा रिकाम्या राहतात. त्या नांग्या भरायला ट्रॅक्टर चालत नाही. माणूस ओळीने चालतो, वाकतो, एकेका जागी हाताने बी टाकतो. मी ज्या कामाविषयी बोलतो आहे ते असेच आहे. एका वेळी एक मूल. प्रभूने सांगितलेल्या दाखल्यातला मेंढपाळही नव्व्याण्णव मेंढरांना सोडून एकाच्या मागे गेला, तो हिशेब व्यवहारात बसणारा नाही हे त्यालाही माहीत होते.

हे काम नवे नाही

संत योहान बॉस्को तुम्हांला माहीत आहे. त्याचे वडील तो दोन वर्षांचा नव्हता तोच वारले. घरी शेती, गरिबी, आणि शिकण्याला सावत्र भावाचा विरोध. १८२९ साली रस्त्याने चालताना फादर कालोस्सो नावाचे एक म्हातारे धर्मगुरू त्याला भेटले. त्यांनी त्याला नुकत्याच ऐकलेल्या प्रवचनाविषयी विचारले, पोराने ते धडाधड सांगितले. त्या म्हाताऱ्या फादरांनी त्याला शिकवायला घेतले. पुढच्याच वर्षी ते वारले. पण आपला कोणी आहे हे कळल्यावर मुलाचे काय होते, हे योहान बॉस्को आयुष्यभर विसरला नाही.

पुढे तो स्वतः धर्मगुरू झाला. ८ डिसेंबर १८४१, निष्कलंक मातेचा सण. इटलीतील तुरीन शहरातल्या संत फ्रान्सिस असिसीकर यांच्या चर्चमध्ये तो मिस्साची तयारी करत होता. एक परका पोरगा कोपऱ्यात उभा होता. चर्चच्या सेवकाने त्याला मिस्साला मदत करायला सांगितले. त्याला ते येत नव्हते, म्हणून सेवकाने काठीने मारून हाकलले. डॉन बॉस्कोने सेवकाला थांबवले, तो माझा मित्र आहे असे सांगून मुलाला परत बोलावले. मुलाचे नाव बार्थोलोम्यू गारेल्ली. वय सोळा, आईबाप नाहीत, गवंड्याच्या हाताखाली काम, लिहिता-वाचता शून्य. डॉन बॉस्कोने एकामागून एक विचारले, सगळ्याला नाही असेच उत्तर आले. शेवटी विचारले, शिट्टी वाजवता येते का? पोरगा हसला. तिथून दोघांची ओळख झाली. एक नमो मरिया म्हणून त्यांनी सुरुवात केली. पुढच्या रविवारी तो आणखी मुलांना घेऊन आला. आज जगभर ज्या सलेशियन शाळा, वसतिगृहे आणि कार्यशाळा आहेत त्यांचे मूळ त्या एका भेटीत आहे, असे डॉन बॉस्को स्वतः सांगत असे.

साता समुद्रापलीकडे न्यूयॉर्क शहरात १९०२ च्या सुमारास आपल्याच कॅथलिक स्त्रियांचा एक गट होता. बाल न्यायालयात आणलेल्या मुलींशी त्या मैत्री करीत. १९०४ साली त्याच न्यायालयाचे कारकून अर्नेस्ट कूल्टर एका चर्चमधल्या पुरुषांच्या सभेत उभे राहिले. त्यांनी कितीतरी मुले कोर्टात येताना पाहिली होती. त्यांनी पैसे मागितले नाहीत. प्रत्येकाने एकेका मुलाचा मोठा भाऊ व्हावे एवढेच मागितले. चाळीस जण तयार झाले. त्यातून पुढे 'मोठे भाऊ, मोठ्या बहिणी' ही मोठी चळवळ झाली, ती आजही चालू आहे.

या कामाचा उपयोग होतो का, हे लोकांनी मोजूनही पाहिले आहे. १९९५ साली अमेरिकेत दहा ते सोळा वर्षांच्या सुमारे एक हजार मुलामुलींचा अभ्यास प्रसिद्ध झाला. निम्म्यांना मोठा सोबती दिला, निम्म्यांना थांबायला सांगितले. दीड वर्षाने पाहिले, तर सोबती मिळालेल्या मुलांत अमली पदार्थांना नव्याने सुरुवात करण्याचे प्रमाण ४६ टक्क्यांनी कमी होते आणि शाळा बुडवण्याचे प्रमाण जवळजवळ निम्म्यावर आले होते. हे सोबती मानसशास्त्रज्ञ नव्हते, शिक्षक नव्हते. साधी माणसे होती. महिन्यातून तीनेक वेळा भेटत, सोबत काही वेळ घालवत.

पण याच माहितीचा २००२ साली पुन्हा अभ्यास झाला, आणि तो वाचताना मला तो ओटा आठवला. ज्यांची सोबत एक वर्ष किंवा अधिक टिकली, त्या मुलांना सर्वांत जास्त फायदा झाला. जी सोबत तीन महिन्यांच्या आत तुटली, त्या मुलांची स्वतःविषयीची किंमत आधीपेक्षाही घसरली. म्हणजे हे काम अर्धवट करणे हे न करण्यापेक्षा वाईट. एकदा ज्याला सोडून दिले गेले, त्याला आपण पुन्हा एकदा सोडून देतो.

म्हणून मी म्हणालो, बर्णबाचे ते 'एक संपूर्ण वर्ष' लक्षात ठेवा.

वज्झरची शिकवण

आता आपल्याच मुलखातले उदाहरण घ्या. अमरावती जिल्ह्यात परतवाड्याजवळ वज्झर येथे शंकरबाबा पापळकर यांनी टाकून दिलेली अपंग, अंध, मतिमंद मुले सांभाळली. त्यांना आपले आडनाव दिले. कायद्याने अठरा वर्षे पूर्ण झाली की मुलाला बालगृहातून बाहेर पडावे लागते. बाबा वर्षानुवर्षे सरकारला एकच गोष्ट विचारत आले, की ज्यांना चालता येत नाही, बोलता येत नाही, त्यांनी अठराव्या वाढदिवसाला जायचे कुठे? २०२४ साली त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांची एक लेक, माला पापळकर, जन्मतःच अंध. जळगाव रेल्वे स्थानकावर कचऱ्यात सापडलेली. २०२४ सालीच ती लोकसेवा आयोगाची लिपिक-टंकलेखक पदाची परीक्षा उत्तीर्ण झाली. त्यामागे बाबा होते, तसेच अमरावतीत तिच्या अभ्यासासाठी वेळ देणारे प्राध्यापकही होते.

शंकरबाबा आपल्या ख्रिस्तसभेचे नाहीत. पण चांगल्या शोमरोनीची गोष्ट सांगताना प्रभूने तरी आपल्या लोकांतला माणूस कुठे निवडला होता? वज्झरहून आपण एक गोष्ट शिकावी. नाते जोडले, तर ते तारीख बघून तोडायचे नसते.

आपल्यापैकी प्रत्येकाला काही शंभर मुलांचा बाप होता येणार नाही. देव तेवढे मागतही नाही. पण एक प्रश्न मी तुम्हांला आणि स्वतःला विचारतो. तुमच्यातले कितीतरी जण कोणाच्या तरी बाप्तिस्म्याला धर्मपिता किंवा धर्ममाता म्हणून उभे राहिले आहेत. हातात पेटती मेणबत्ती धरली, शब्द दिला, जेवण झाले, फोटो झाला. त्या मुलाची इयत्ता आज कोणती, हे तुम्ही सांगू शकाल का? सुरुवात घरापासून करायची असेल तर तिथूनही करता येईल.

काय करायचे, काय नाही

माझे मागणे साधे आहे. एका मोठ्या माणसाने एका मुलाबरोबर आठवड्यातून एक तास बसायचे, शाळा उघडल्यापासून पुढच्या जूनपर्यंत. या कामाचे काही नियम आपण पाळू. ते नीट वाचा.

पहिला नियम. मुलाच्या आईला, वडिलांना किंवा जो कोणी सांभाळतो त्याला आधी भेटायचे, त्यांची संमती घ्यायची. आपण आईची जागा घ्यायला जात नाही, तिच्या हाताला हात लावायला जातो.

दुसरा नियम. मुलांबरोबर पुरुष, मुलींबरोबर स्त्रिया. भेट उघड्यावर होईल. चर्चचा ओटा, शाळेचे मैदान, घराचे अंगण, जिथे येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल. बंद खोलीत नाही, एकट्याने बाहेरगावी नेणे नाही. हा नियम तुमच्यावर अविश्वास म्हणून नाही. मुलांच्या विश्वासाचा गैरफायदा घेतला गेल्याच्या घटना जगात घडल्या आहेत, ख्रिस्तसभेतही घडल्या आहेत, हे आपण लपवू नये. मुलाने काही अत्याचार सांगितला तर ती गोष्ट पोटात ठेवायची नाही. २०१२ च्या कायद्याप्रमाणे पोलिसांना कळवणे आपल्यावर बंधनकारक आहे. संकटातल्या मुलासाठी १०९८ हा फोन क्रमांक आहे, त्याची सुरुवात १९९६ साली मुंबईत झाली आणि आज तो सरकारी यंत्रणेतून चालतो. तो क्रमांक पाठ करा.

तिसरा नियम. मूल कोणत्याही धर्माचे, कोणत्याही जातीचे असो. आपण संख्येने थोडे आहोत, शेजारी हिंदू, बौद्ध, मुसलमान आहेत, त्यांचीही लेकरे ती आपलीच. या तासात धर्माचा प्रचार नाही. मुलाला चर्चमध्ये यायला सांगायचे नाही. कोणी हेतूविषयी शंका घेतली तर उघड्यावर चाललेले काम दाखवायचे. कालोस्सोंनी, कूल्टरनी किंवा शंकरबाबांनी मुलाला आधी अट घातली नव्हती.

चौथा नियम. पैसे द्यायचे नाहीत, महागाच्या वस्तू द्यायच्या नाहीत, फोटो काढून मोबाईलवर पाठवायचे नाहीत. घरची खरोखर अडचण असेल तर वडील किंवा आई गमावलेल्या मुलांसाठी राज्याची बालसंगोपन योजना आहे. अकोल्याच्या जिल्हा महिला व बालविकास कार्यालयात त्याची चौकशी करता येते. तो कागद भरायला मदत करणे ही मोठी मदत आहे.

पाचवा नियम, आणि माझ्यासाठी सर्वांत महत्त्वाचा. येणार नसाल तर आदल्या दिवशी मुलाला सांगायचे. गाव सोडावे लागले तर समोर बसून सांगायचे, निरोप घ्यायचा आणि त्याचा हात दुसऱ्या कोणाच्या हातात द्यायचा. न सांगता जायचे नाही.

"पण फादर, आम्हांला काय येते?"

हे तुम्ही म्हणणार, मला माहीत आहे. "आम्ही फार शिकलेले नाही." शिकवणीवर्ग काढायला मी सांगत नाही. त्या तासात काय करायचे? मुलाला त्याचे पुस्तक मोठ्याने वाचायला सांगा, आणि तुम्ही ऐका. तुम्हांला वाचता येत नसेल तरी ऐकता येते. ऐकणारा असला की मूल वाचते. बाजाराचा हिशेब करायला लावा, पाढे आपोआप येतील. सायकलचे पंक्चर काढायला शिकवा. बँकेत पासबुक कसे भरतात ते दाखवा. आज शाळेत काय झाले ते विचारा आणि उत्तर संपेपर्यंत मध्ये बोलू नका. चौदा-पंधरा वर्षांचा असेल तर पहिले दोन महिने तो काही बोलणारही नाही. सोबत बसा. भाषण देऊ नका, "आमच्या वेळी" असे तर मुळीच म्हणू नका.

आणि एखाद्या दिवशी तो येणार नाही. तुम्ही ओट्यावर बसून राहाल. तो टपरीवर असेल, किंवा तुम्ही खरेच पुन्हा येता का हे पाहत असेल. पौल म्हणाला होता, पळून गेलेल्याला पुन्हा न्यायचे नाही. पौल मोठा संत, पण त्या दिवशी बर्णबाचे बरोबर होते. पुढच्या आठवड्यात तुम्ही पुन्हा जा.

कोणी म्हणेल, एवढे करून मूल सुधारले नाही तर? तेही होऊ शकते. आपल्या हातात पेरणे आणि निंदणे आहे. पाऊस आपल्या हातात नाही. हे शेतकऱ्याला मी काय शिकवणार?

आज हात वर करू नका

आता मागणे मागून झाले. पण आज मिस्सा संपल्यावर माझ्याकडे नाव देऊ नका. भरात दिलेला शब्द मी एकदा दिला आहे, त्याची किंमत एका मुलाने मोजली. तुम्ही घरी जा. नवरा-बायको मिळून बोला. आठवड्यातला कोणता तास खरोखर मोकळा आहे ते पाहा. पेरणीत, कापूस वेचणीत, लग्नसराईत तो तास टिकेल का ते पाहा. दोन आठवडे प्रार्थना करा. त्यानंतर मन 'नाही' म्हणाले तर ते प्रामाणिक 'नाही' देवाला आवडेल, त्यात पाप नाही. मन 'होय' म्हणाले तर या. मला पन्नास नावे नकोत. टिकणारी पाच पुरेत. जे येतील त्यांनी दर महिन्याच्या पहिल्या रविवारी मिस्सानंतर अर्धा तास एकत्र बसायचे, एकमेकांच्या अडचणी ऐकायच्या. सोबत्यालाही सोबत लागते.

ज्यांना जमणार नाही, आजारी आहेत, म्हातारे आहेत, त्यांनी एका मुलाचे नाव घेऊन रोज एक नमो मरिया म्हणावी. आणि रस्त्यात दिसणाऱ्या कोणत्याही पोराला हाड-हाड करण्याआधी त्याचे नाव विचारावे. एवढे तर सर्वांनाच जमेल.

पहिले नाव माझे लिहा. गुरुवार, संध्याकाळी पाच ते सहा, चर्चचा ओटा. माझी बदली होईल तेव्हा मी आधी महागुरुस्वामींचे पत्र घेऊन त्या मुलाकडे जाईन, मग निरोप समारंभाला येईन. तुम्ही मला त्याची आठवण करून द्या.

प्रार्थना करू या.

हे प्रभू येशू, तू गर्दीतही एकेकाला नावाने हाक मारलीस. झाडावर बसलेल्या जक्कयाच्या घरी तू स्वतःहून उतरलास. आमच्या गावातील ज्या लेकरांची कोणी वाट पाहत नाही, त्यांच्यासाठी वाट पाहणारा एकेक माणूस आमच्यातून उभा कर. दिलेला शब्द वर्षभर पाळण्याचे बळ आम्हांला दे. ज्यांना आम्ही अर्ध्या वाटेवर सोडले, त्यांना तू सोडू नकोस, आणि आम्हांला क्षमा कर. धन्य कुमारी मरिये, तूही एक लेकरू हरवल्याचे दुःख तीन दिवस सोसलेस. आमच्या लेकरांसाठी विनंती कर. संत बर्णबा, संत योहान बॉस्को, आमच्यासाठी विनंती करा. आमेन.

तुमचा ख्रिस्ताठायी,
प्रमुख धर्मगुरू